फाटकावरचं निळं फडकं

रुआबांधा, भिलाई
१२ जुलै २०२४

प्रिय सिंधुमावशी,

तुझ्या कानातली मशीन फोनजवळ नेली की शिट्टी मारते, म्हणून हे पत्र. खरं सांगू, मला ते बरंच वाटतं. फोनवर तू "काय म्हणालीस?" करत राहतेस, मग मला ओरडावं लागतं, आणि आपल्या घरात ओरडायची कोणाला सवय नाही.

बातमी अशी, की मी टीव्हीवर जाणार आहे. हसू नकोस. 'सौदा पक्का' नावाचा हिंदी कार्यक्रम आहे. लोक धंद्याची कल्पना घेऊन जातात, समोर पाच पैसेवाले बसतात, आपण बोलायचं, आणि पटलं तर ते आपल्यात पैसे घालतात. मी अर्ज टाकला होता. परवा बोलावणं आलं, ऑगस्टमध्ये मुंबईला जायचं आहे.

कल्पना म्हणशील तर ती आईचीच. आठवतं, तू तुमसरहून यायचीस आणि बाबांची नाईट असली की आई तुला फाटकातच गाठून चपला हातात घ्यायला लावायची? बाबा स्टील प्लांटच्या कोक ओव्हनवरून, कोळशाच्या भट्टीवरून, सकाळी यायचे, आंघोळ करून जेवायचे आणि झोपायचे. मग फाटकावर निळं फडकं लागायचं, आईच्या जुन्या परकराचं. आमच्या लायनीत सगळ्यांना ठाऊक होतं की फडकं आहे म्हणजे आत नाईटवाला झोपलाय. दूधवाला घंटी वाजवायचा नाही. भाजीवाली "भाटा, भाटा" असं वांग्यांचं नाव कुजबुजत जायची. त्या आठवड्यात घरात कुकर लागायचा नाही, भात पातेल्यात शिजायचा. आणि बाबांच्या खोलीला आईने जुन्या लुगड्यांचे थर शिवून केलेला तो पडदा! तो ओढला की दुपार संपायची. मी आत बाबांच्या पायाशी बसून राहायचे. बाहेर मे महिना, लांब कुठेतरी प्लांटची घरघर, आणि मला वाटायचं आपलं घर पाण्याखाली गेलंय आणि आम्ही तिघं-चौघं तळाशी अगदी सुखात आहोत.

तसेच पडदे आता मी शिवते. सुपेल्यात एका दुकानाच्या माडीवर मी आठ खाटा टाकल्या आहेत हे तुला दादाने सांगितलं असेलच, नावं ठेवत. रसमड्याच्या कारखान्यांतून नाईट करून माणसं येतात. पत्र्याच्या एका खोलीत सहा-सहा जण राहणारी माणसं, त्यांना दिवसा कोण झोपू देतं? इथे थोडे पैसे देतात आणि अंधारात झोपून जातात. खाली चौकात हॉर्नचा गोंधळ, वर आठ जणांचा श्वास, आणि मध्ये मी सुई चालवत बसलेली. भूपेंद्र नावाचा एक वेल्डर आहे, तो परवा जाताना म्हणाला, "दीदी, इहाँ के नींद म सपना घलो आथे." इथल्या झोपेत स्वप्नंही पडतात म्हणे. मावशी, मला याहून दुसरं काही नको आहे.

पण दादाला हवं आहे. आईला जाऊन दीड वर्ष झालं, आता बाबांनी आणि मी पुण्याला त्याच्या चौदाव्या मजल्यावर यावं असं त्याचं म्हणणं. आम्ही भांडलो, कुजबुजत का होईना. शेवटी ठरलं ते असं: टीव्हीवाल्यांनी हो म्हटलं तर बाबा आणि मी भिलाईतच. नाही म्हटलं तर दिवाळी झाली की घराला कुलूप आणि माडीलाही.

मी शब्द देऊन बसले आहे. आता तूच मला बोलायला शिकव.

तुझी,
प्रांजली


तुमसर
२१ जुलै २०२४

लाडक्या प्रांजलीला सिंधुमावशीकडून आशीर्वाद आणि एक धपाटा.

झोप विकतेस? उद्या कोणी ढेकर विकायला बसेल. इथे वंदनाला, म्हणजे आमच्या शेजारच्या सुनेला, तुझं पत्र वाचून दाखवलं तर ती म्हणते, "मावशी, मले द्या पत्ता, मी आताच जातो झोपाले." तिला दोन लेकरं आहेत, तिचं काय चुकलं.

तुझ्या आईच्या त्या नाईटच्या आठवड्यात मी एकदा आठ दिवस राहिले होते. पाचव्या दिवशी मला आपल्याला जीभ आहे की नाही अशी शंका यायला लागली. तेव्हा तर माझे कानही धड होते! कमलिनी मात्र मजेत. मी विचारलं, "अवं, तुले करमते कसं?" तर म्हणे, "अक्का, तो झोपला ना, की मले वाटते माह्या हातून काहीतरी शिजून राहिलं." वेडी होती तुझी आई. तुम्ही दोघी एका मातीच्या.

आता बोलायचं कसं ते ऐक. समोरच्या पाच जणांना पैसेवाले समजूच नकोस. पंगतीत बसलेले वऱ्हाडी समज. लाजून वाढलं तर कोणी घेत नाही. ताठ उभी राहा, डोळ्यांत बघ, मोठ्याने बोल आणि आग्रह कर. तोंडातल्या तोंडात पुटपुटलीस तर मी इथून येऊन कान पिळीन.

आणि एक विचारते. एवढं लांब पत्र लिहिलंस, त्यात बाबारावजी तरुणपणी कसे झोपायचे ते सगळं आहे. आता झोपतात का? त्याबद्दल एक ओळ नाही. तुझ्या आईच्या तेरवीला पाहिलं तेव्हा खुर्चीत बसून होते, उजाडेपर्यंत. मला ऐकू कमी येतं, दिसतं सगळं.

मावशी


रुआबांधा
३० ऑगस्ट २०२४

प्रिय मावशी,

मुंबईहून येऊन चार दिवस झाले. अजून डोळे मिटले की ते दिवेच दिसतात. त्या स्टुडिओला खिडकी नाही गं. सकाळ आहे की संध्याकाळ, काही कळत नाही. तिथले लोकही आपल्या नाईटवाल्यांसारखेच दिसतात, सुजलेल्या डोळ्यांचे, हातात चहाचे कागदी कप. मला तर तिथे सगळ्यांसाठी खाटा टाकाव्याशा वाटल्या.

काय झालं ते मला लिहिता येणार नाही. आत जाण्याआधीच त्यांनी कागदावर सही घेतली, दाखवेपर्यंत कोणाला काही सांगायचं नाही म्हणून. कार्यक्रम दिवाळीच्या आधी लागेल. तू शिकवलेलं सगळं पाठ करून गेले होते, एवढं सांगते. ताठ उभीही राहिले. मग एक गोष्ट घडली, ती तू पाहशीलच.

तू बाबांबद्दल विचारलंस. ते झोपत नाहीत, मावशी. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, पण आई होती तोवर ती दुपारी पडदा ओढायची आणि ते जरा पडायचे. ती गेल्यावर त्यांनी तो पडदा काढून पेटीत ठेवला. आता रात्री अंगणात खुर्ची टाकून प्लांटच्या बाजूचं लाल आभाळ बघत बसतात आणि दिवसा त्याच खुर्चीत बसून डोळे उघडे ठेवून कुठेतरी असतात. मी कितीदा म्हटलं, बाबा, माडीवर चला, एक खाट तुमची. तर म्हणतात, "मले नाही लागत वं झोप. तिनं पडदा वढल्याबिगर मले अंधार खरा नाही वाटत."

हे मी तुला आधी लिहिलं नाही, कारण लिहिलं की खरं होतं. सगळ्या सुपेल्याला झोपवते मी, आणि घरात माझा बाप जागा.

पण मुंबईला निघाले त्या सकाळी मी पडदे बांधत होते, तेव्हा त्यांनी स्वतः पेटी उघडली. आईचा पडदा माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "हा घेऊन जाय. बाकीचे तुये आहेत, हा खरा आहे." मी तो घेऊन गेले. तिथे तोच लावला.

तुझी,
प्रांजली


तुमसर
९ सप्टेंबर २०२४

प्रांजली, पोरी!

सही घेतली! अगं, सही घेतली म्हणजे सौदा झाला! आमच्या हयातीत बिनकामाची सही कोणी घेतलेली मी पाहिली नाही. नाकारलेल्या माणसाची सही कोण घेतो? त्याला तर पाणीसुद्धा न विचारता वाटेला लावतात. आणि तू लिहितेस 'एक गोष्ट घडली'. मावशीला काय तू कालची समजलीस?

पेढे वाटले. सगळ्या आळीत. वंदनाने तिच्या माहेरीही कळवलं. कार्यक्रमाच्या दिवशी आमच्या पुढच्या खोलीत सतरंज्या टाकणार आहे, चिवड्याचे पोहे आत्ताच भाजून ठेवले असते पण ते सादळतील. प्रशांतला कार्ड टाकलं: तुझ्या बहिणीने बाजी मारली, आता बाबारावजींना पुण्याला न्यायचं नाव काढू नकोस.

बाबारावजींचं वाचून वाईट वाटलं. पण आता पैसे आले की मोठं घर घे झोपेचं, त्यात त्यांना साहेब करून बसव. माणूस कामात असला की झोप आपोआप येते.

तुझी,
आनंदात असलेली मावशी


रुआबांधा
१६ सप्टेंबर २०२४

मावशी,

पेढे थांबव गं. मी काही सांगू शकत नाही, पण थांबव.

दादाचा फोन आला होता, तुझं कार्ड पोचल्यावर. 'अभिनंदन' म्हणाला. इतक्या दमलेल्या आवाजात की मीच घाबरले. तुला माहीत नसेल, तोही रात्रीच काम करतो, त्याची कचेरी अमेरिकेच्या घड्याळावर चालते. दिवसा त्याच्या चौदाव्या मजल्यावर चहूबाजूंनी ऊन येतं. मी म्हटलं, दादा, कार्यक्रम लागेपर्यंत काही ठरवू नकोस. तो म्हणाला, "बरं," आणि मला वाटतं बोलता बोलताच त्याला डुलकी लागली.

चिवडा मात्र कर. लोक येणारच आहेत तर उपाशी कशाला.

प्रांजली


तुमसर
२० ऑक्टोबर २०२४

प्रांजली, माझ्या लेकरा,

काल पाहिलं. रात्रीच लिहायचं होतं, पण सतरंज्या आवरता आवरता उशीर झाला. आता सकाळी लिहिते.

खोली भरली होती. वंदना माझ्या कानाशी बसून कोण काय म्हणतो ते सांगत होती. तू आलीस, आईची निळी साडी नेसून. छान बोलायला लागलीस, चक्क मोठ्याने! मी सगळ्यांकडे वळून बघितलं, माझी शिकवणी म्हणून. मग तू त्या खाटेभोवती कमलिनीचा पडदा लावलास आणि विचारलंस, कोणी आत येऊन बघता का. तो अरुणकुमार उठला, त्या पाचांत सगळ्यांत खडूस, आदल्या माणसाला ज्याने रडवलं होतं तोच. बूट काढून आत गेला. तू पडदा ओढलास, खांबाला निळं फडकं बांधलंस आणि वळून पुन्हा बोलायला तोंड उघडलं.

आणि आतून घोरण्याचा आवाज आला म्हणे. वंदनाने सांगितलं.

मी तुझं तोंड बघत होते. मला कळलं, पोरी. खोलीतल्या कोणाला कळायच्या आधी मला कळलं. तुझं तोंड मिटलं. ती सूत्रसंचालक बाई हाताने 'बोला, बोला' करत होती आणि तू ओठावर बोट ठेवलंस. थेट कमलिनीसारखं! तिकडे घड्याळ पळत होतं, तुझ्या हातचं सगळं जात होतं, आणि तू त्या उपऱ्या माणसाच्या झोपेवर पहारा देत उभी. कोणीतरी आतून वेळ संपल्याचा भोंगा वाजवायला निघालं तर तू त्याला हात जोडलेस.

आणि मग ते सगळे गप्प झाले. चौघं पैसेवाले पुढे वाकून कुजबुजत विचारायला लागले, तू मान हलवून उत्तरं देत होतीस, कॅमेरावालेसुद्धा चवड्यांवर चालत होते. टीव्हीतून काही आवाजच येईना. वंदना सांगायची थांबली. चिवडा खाणाऱ्यांचे हात थांबले. लेकरं मांडीवर पेंगायला लागली. प्रांजली, इतक्या वर्षांत पहिल्यांदा खोलीतल्या सगळ्यांना माझ्याइतकंच ऐकू येत होतं.

मग तो मेला उठला, आणि कसा टवटवीत दिसत होता! "मुझे जगाया क्यों नहीं?" म्हणे. तू म्हणालीस, "नाइटवाले को जगाते नहीं." चौघांनी तर नाहीच म्हटलं, हे वाढणार कसं, शांतता विकणार कशी. आणि तो म्हणतो, "मैंने तो कुछ सुना ही नहीं, पैसा किस पर लगाऊँ?" मी टीव्हीवर चप्पल फेकणार होते, वंदनाने धरली.

पाचही जणांनी नाही म्हटलं, आणि मी माझे पेढे खाल्लेली सगळी आळी घेऊन बसले होते. पण मला लाज वाटली नाही. मला रडू आलं, ते वेगळ्या कारणाने. कमलिनी गेल्यापासून मला ती कुठे दिसली नव्हती. काल दिसली.

आता प्रशांत येईल तुम्हाला न्यायला. शब्द दिला आहेस तर जावं लागेल. मी त्याला काही लिहीत नाही, माझ्या कार्डाने आधीच व्हायचं ते झालं. जाताना तुमसरला उतरा दोन दिवस. मी कुजबुजून बोलायची सवय करत आहे. वंदना म्हणते अजून नाक्यापर्यंत ऐकू जातं.

तुझी,
मावशी


रुआबांधा
१२ नोव्हेंबर २०२४

प्रिय मावशी,

पत्त्यावरून कळलंच असेल तुला.

दादा भाऊबीजेला आला, तिघांची तिकिटं घेऊन. ओवाळून घेतलं, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "कार्यक्रम बघितला मी. चांगली उभी राहिलीस. पण ठरलं ते ठरलं." मी हो म्हटलं. माडीच्या मालकाला सांगून आले. भूपेंद्र खाटा खाली उतरवायला मदत करतो म्हणाला आणि मग जिन्यात उभा राहून खाली बघत राहिला. मी त्या रात्री खूप रडले, पण आवाज न करता, ते आपल्याला जमतं.

बाबांनी काही वाद घातला नाही. त्यांनीही तो कार्यक्रम माझ्या शेजारी बसून पाहिला होता. अख्खा वेळ पडद्याकडे बघत होते. संपल्यावर एवढंच म्हणाले, "तो मानूस बिनओळखीचा. तरी झोपला वं तिच्या पडद्यात."

निघायच्या सकाळी सगळं बांधून झालं होतं. बाबा रात्रभर अंगणात होते, लाल आभाळाकडे शेवटचं बघत. दादा टॅक्सी आणायला सुपेल्याला गेला. मी आईचा पडदा घडी करून बॅगेत घालत होते, तर बाबा दारात येऊन उभे.

"तो कुठी चालवला?"

"पुण्याला, बाबा. तिथे तुमच्या खोलीला लावीन."

"तिथं कोनाले कळन तो काय आहे? एकडाव इथं लाव. मंग बांध."

खोलीत फक्त रिकामी खाट उरली होती. मी स्टुलावर चढून पडदा लावला. ते खाटेवर बसले. आणि मी ओढला, मावशी. आई ओढायची तसा, कड्या न वाजवता, हाताने धरून. आत अंधार झाला. बाहेर नोव्हेंबरचं कोवळं ऊन होतं, आत काही नव्हतं, फक्त लांबची घरघर आणि लुगड्यांचा तो जुना वास. बाबा म्हणाले, "हां." मग आडवे झाले. मी त्यांच्या पायाशी बसले, लहानपणी बसायचे तशी. त्यांचा श्वास आधी अडखळत होता, मग लांब झाला. मला वाटलं पुन्हा घर पाण्याखाली चाललंय, हळूहळू, आणि आम्ही तळाला टेकलो.

कितीतरी वेळाने मी उठले आणि बाहेर जाऊन फाटकावर निळं फडकं बांधलं. मी ते मुद्दाम केलं नाही गं. हातच गेला. गाडीची वेळ माझ्या डोक्यातही नव्हती.

तेवढ्यात दादाची टॅक्सी आली. तो उतरून घाईने फाटकाकडे आला, कडीला हात घातला आणि त्याला फडकं दिसलं. मावशी, मी दारातून बघत होते. त्याचा हात कडीवरच राहिला. ड्रायव्हर हॉर्न द्यायला गेला, तर दादा धावत मागे गेला आणि खिडकीतून हात घालून त्याचं मनगट धरलं. "भैया, हॉर्न मत बजाओ. अंदर नाइटवाला सोया है." मग त्याने बूट काढले, हातात घेतले आणि अंगणातून चवड्यांवर चालत पायरीपर्यंत आला. पुण्याचा एवढा मोठा साहेब, एका मोज्याला भोक.

मी घड्याळाकडे बोट केलं. त्याने मान हलवली. मी कुजबुजले, "दादा, उठवू का? गाडी जाईल."

तो म्हणाला, "जाऊ दे. नाईटवाल्याले कोनी उठवते का?"

किती वर्षांनी दादा घरच्या बोलीत बोलला. पुण्याला गेल्यापासून आमच्याशीसुद्धा पुस्तकासारखं बोलतो तो. पायरीवर बसला, डोकं चौकटीला टेकलं, आणि बसल्या बसल्या त्याचेही डोळे मिटायला लागले. मी त्याला हाताला धरून आत नेलं, पडद्याच्या आत. तो बाबांच्या पायाशी खाली चटईवर आडवा झाला. टॅक्सीवाल्याला मी खुणेनेच परत पाठवलं. तो बिचारा गाडी ढकलत कोपऱ्यापर्यंत गेला आणि तिथे चालू केली.

दुर्गहून आमची गाडी केव्हा निघाली कोणालाच कळलं नाही. मी मधल्या दारात बसून शिवत होते.

दिवेलागणीला बाबा उठले. आधी दादाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"गाडी गेली काय?"

"गेली," दादा चटईवरूनच म्हणाला. डोळे उघडले नाहीत. "बाबा, तुम्ही इथंच झोपता, तं इथंच राहा. मीच येत जाईन झोपाले."

"मंग भात टाक वं," बाबा मला म्हणाले. "पातेल्यातच टाक. पोरगा अजून झोपून राहिला."

दादा आणखी दोन दिवस राहिला आणि दोन्ही दिवस झोपला. जाताना मी शिवलेला एक पडदा घेऊन गेला. निळ्या फडक्याचा तुकडाही मागून घेतला. चौदाव्या मजल्यावर त्याचा अर्थ कोणाला कळणार, मी विचारलं. म्हणाला, "मला कळेल."

माडी चालू आहे. खाटा भूपेंद्रने पुन्हा वर नेल्या. धंदा मोठा झालेला नाही, होईल असंही वाटत नाही. पण टीव्हीवर पाहिल्यापासून खालचे ऑटोवाले जिन्यासमोरून हॉर्न न वाजवता निघतात. दुपारी बाबा झोपतात. रोज नाही, पण झोपतात. पडदा मी ओढते.

तू ये आता. डिसेंबरात ये, थंडी छान असते. आणि फाटकावर फडकं दिसलं तर चपला हातात घे.

तुझी,
प्रांजली